दाऊद सारंगाची हजेरी

आमच्या आळीत कुणाला मरायचं असेल तर त्यानं सकाळची हजेरी देऊन मग मरावं, असा दाऊद सारंगाचा आग्रह असे. हजेरीच्या आधी गेलेलं माणूस त्याला खपत नसे. सुताराच्या घरचे आजोबा एकदा पहाटेच गेले. घरात रडारड चाललेली, अंगणात माणसं जमलेली, आणि सारंग आपली पितळी घंटा घेऊन फाटकाशी हजर.

"आजा?" त्यानं विचारलं.

"गेले, चाचा," सुतार म्हणाला.

"कवा?"

"पहाटे."

"काल तर 'हाय' म्हनला व्हता," सारंग म्हणाला. म्हाताऱ्यानं शब्द देऊन फसवलं असं त्याचं तोंड झालं. मग तिरडी बांधायला तोच सगळ्यांत पुढे होता, ही गोष्ट निराळी.

आमचं गाव मुरूडहून आगरदांड्याकडे जाताना खाडीच्या जरा अलीकडे लागतं. एका अंगाला आमची आळी, दुसऱ्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला, आणि दोहोंच्या मध्ये, कुठल्याच रांगेत नीट न बसणारं असं दाऊद सारंगाचं घर. आगबोटीवरच्या खलाशांचा जो मुकादम त्याला सारंग म्हणतात. साठ खलाशांना उठवायचं, कामाला लावायचं, आणि कोण आजारी, कोण आळशी हे ओळखायचं, यात दाऊदचाचाची तीस वर्षं गेली. म्हातारपणी तो गावी परतला, पण साठ माणसं हाताखाली नसली की त्याला घास गोड लागेना. मग त्यानं आमची सोळा घरं ताब्यात घेतली. आठ मोहल्ल्यातली, आठ आळीतली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

सकाळची नमाज झाली की तो निघे. प्रत्येक फाटकाशी घंटेचे दोन टोले. मग घरातल्या एकेकाचं नाव. ज्याचं नाव त्यानं आतून स्वतः ओरडायचं, "हाय!" बापानं मुलाचं सांगितलेलं चालत नसे, आणि सासूनं सुनेचं सांगितलेलं तर मुळीच नाही. "खुशाली ज्याची त्याच्या तोंडून," हे त्याचं पालुपद. परसाकडे गेलेल्या माणसानं झावळ्यांच्या आडोशातूनच हाक द्यावी, त्यात शरम कसली, असं त्याचं म्हणणं होतं. जनू भंडारी रोज नेमका त्याच वेळी आडोशात असे आणि त्याचं "हाय" सगळ्या आळीला ऐकू जाई.

तान्ह्या मुलांनाही सूट नव्हती. एका बाईनं लवकर सुटका व्हावी म्हणून पोराला चिमटा काढला. पोर किंचाळलं. सारंग असा संतापला की ती बाई आठ दिवस दारात आली नाही. "रडलं तर चालंल," तो म्हणाला, "पन रडवायचं न्हाय." तेव्हापासून पोर आपणहून काही आवाज काढीपर्यंत तो फाटकाशी उभा राही, आणि पुढची घरं खोळंबून बसत.

बयोआत्या ठार बहिरी. टोला पडला की नातवानं तिच्या पाठीवर थाप मारायची आणि तिनं "हाय!" म्हणायचं, अशी सोय केली होती. ती इतकी अंगवळणी पडली की दिवसभरात कुणाचाही हात लागला तरी आत्या "हाय!" म्हणून ओरडू लागली. देवळात गर्दीत तर ती सारखी हजेरी देत असे.

एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. गणू आणि धोंडू हे दोघे भाऊ एका भिंतीनं वाटलेल्या घरात राहात आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एके सकाळी सारंगानं गणूचं नाव दोनदा घेतलं, उत्तर आलं नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून धोंडूचा आवाज आला, "काय रं गणू, बोलत का न्हाईस?" गणूला हिवताप भरला होता. त्या दिवशी धोंडूनं त्याच्यासाठी पेज नेली. पुढच्या घरी सारंगाचे टोले जरा जोरात पडले.

हजेरीनंतर हुकूम. वाकळा रोज उन्हात टाकायच्या. पाणी उकळून प्यायचं. रोज अर्धं लिंबू चोखायचं आणि चोखलेली साल त्याला दाखवायची. लिंबू मिळालं नाही की खलाशांचे दात हलतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. आम्ही ताजी मासळी आणि भाजी खाणारी माणसं, आमचे दात आपल्या जागी पक्के होते. तरी त्यानं सोळा परसांत सोळा लिंबं लावली आणि स्वतः पाणी घालून जगवली. जनूनं एकच साल चार दिवस दाखवली. पाचव्या दिवशी सारंगानं ती नाकाशी नेली आणि समोर उभं राहून त्याला दोन लिंबं सालीसकट खायला लावली.

सुखी राहण्यासाठी त्यानं आठवड्याचा एक तास राखून ठेवला होता. शुक्रवारी दिवस कलला की चार टोले पडत. टोले पडले की हातातलं काम टाकून सगळ्यांनी घरापुढे येऊन बसायचं आणि खुश राहायचं. काय करून खुश राहायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी सोळा घरांपुढे लोक मयताला आल्यासारखे गुडघ्यांत मान घालून बसले होते. सारंग रस्त्यानं येरझारा घालत होता. त्याचं स्वतःचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मध्येच थांबून तो गर्जे, "खुश ऱ्हावा! आपल्या बापाचं काय जातंय!"

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी सुनांच्या लक्षात आलं की या तासात सासूला काम सांगता येत नाही, कारण हुकूम सारंगाचा आहे. मग त्या खरोखरच खुश राहू लागल्या. माझी बायको कमळ पायरीवर पाय पसरून बसे आणि शेजारणीशी खिदळे. घरात ती फार थोडं बोलायची. तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या तासात, आणि लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई आतून बघे आणि दातओठ खाई. "मेल्याला बायको ना पोर," ती म्हणे, "आणि लोकांच्या संसाराला घंटा वाजवतो."

हे आईनं म्हणायला नको होतं. त्याला बायको होती, दोन मुली होत्या. आईला ते ठाऊक होतं, आणि मला तर फारच चांगलं ठाऊक होतं.

मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मराठी शाळा संपवून घरी बसलो होतो. मोहल्ल्यातले निम्मे पुरुष आगबोटींवर, आणि त्यांना घरून जाणारी पत्रं मी लिहून देत असे. आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. मोहल्ल्यात आहे, कोळीवाड्यात आहे, आमच्या आळीतही आहे. दर्यावर असलेल्या माणसाला वाईट कळवायचं नाही. त्याला येता येत नाही, काही करता येत नाही, चहूकडे पाणी. म्हणून पत्रातून फक्त खुशाली जाते. बाप मेला, छप्पर उडालं, म्हैस गेली, हे सगळं तो धक्क्यावर उतरला की सांगायचं.

सारंगाची बायको अमिनाचाची दाराच्या आतून मजकूर सांगे, मी पडवीत बसून लिही. शेवटच्या वेळी आत दोन्ही मुली खोकत होत्या आणि तिचाही आवाज बसला होता.

"चाची, पोरींना ताप आहे म्हणून लिहू?" मी विचारलं.

"नको रं बाला. मानूस दर्यावर हाय. निस्ता झुरल. लिव, सर्व खुशाल."

मी लिहिलं. ती शेजाऱ्यांनाही दारातून हेच सांगत होती. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी अंथरुणावर, तेव्हा आत जाऊन बघायला कुणाला सवड होती? सहाव्या दिवशी दार उघडलं तेव्हा तिघी गेलेल्या होत्या. थोरली सकिना आठ वर्षांची, धाकटी जैबू पाचाची. घरातल्या हंड्यात पाण्याचा थेंब नव्हता.

इथवर चूक म्हणायची तर त्या रीतीची. पुढचं माझं आहे. महिन्याभरानं सारंगाचं पत्र आलं, घरची खुशाली विचारणारं. गावातली जाणती माणसं जमली, दोन्ही बाजूंची. पूर्वी कुणा खलाशानं घरचं वाईट कळल्यावर बोटीवरून उडी टाकली होती म्हणे. "तो सुखरूप येऊ दे, मग सांगू," असं ठरलं. "तोवर तू लिही." आणि मी लिहिलं. एकदा नाही, दोनदा. मातीत गेलेल्या तिघींची खुशाली मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिली आणि खाली अमिनाचाचीचं नाव घातलं. सात महिन्यांनी सारंग पत्र्याची ट्रंक घेऊन धक्क्यावर उतरला, तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं. मी गेलो नव्हतो. मी माळ्यावर लपून बसलो होतो.

तो पुन्हा बोटीवर गेला, काही वर्षांनी कायमचा परतला, आणि मग ही घंटा सुरू झाली. मी तोवर गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. एक दिवस तो कोरी वही घेऊन माझ्याकडे आला.

"मास्तर, तुझं अक्षर चांगलं हाय म्हनतात. माझी हजेरी लिवशील?"

पत्रं कोण लिहीत होतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्याला ते माहीत नाही अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून हो म्हटलं. वहीचं पहिलं पान त्यानं कोरं ठेवायला लावलं. दुसऱ्यापासून सोळा घरं. ज्यानं उत्तर दिलं त्याच्या नावापुढे 'बोलला' किंवा 'बोलली' एवढंच लिहायचं. एकदा सवयीनं मी एका घराखाली 'सर्व खुशाल' लिहून मोकळा झालो. सारंगाला अक्षरओळख नव्हती. तरी त्यानं पान पाहिलं आणि त्याच शब्दांवर नेमकं बोट ठेवलं.

"ह्ये काय? ह्ये लिवायचं न्हाय."

मी खोडलं. त्याला ते कसं कळलं याचा मी विचार केला नाही, किंवा करायचा टाळला.

मग ते पटकीचं, कॉलऱ्याचं साल आलं. वैशाखात विहिरी तळाला गेल्या, पाणी गढूळ झालं. पहिल्यांदा सुताराची बायको गेली. दुसऱ्या दिवशी गणू. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातला एक म्हातारा. सारंग सकाळ-संध्याकाळ घंटा बडवत फिरू लागला, "पानी उकळा! पानी उकळा!" लोक घाबरलेले होते आणि घाबरलेल्या लोकांना कुणावर तरी खापर फोडायला हवं असतं. जनू भंडाऱ्यानं ते सारंगावर फोडलं.

"रोज मानसं मोजतो," तो विहिरीवर म्हणाला. "मोजलेल्याला नजर लागनार न्हाय तर काय व्हईल? यमाला आयती यादी करून दिली यानं."

कोंबडीची पिल्लं मोजू नयेत, जेवायला बसलेली मुलं मोजू नयेत, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तीन दिवसांत तीन माणसं गेल्यावर ते सगळ्यांनाच पटलं. ज्यांनी मला पत्रं लिहायला सांगितली होती तीच जाणती माणसं पुन्हा जमली आणि घंटा बंद करायचा हुकूम झाला. सारंगानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो घंटेशिवाय आला. फाटकाशी उभा राहून नावं घेऊ लागला. दारं बंद. उत्तर नाही. कुणी आजारी पडलं तर घरचे लपवू लागले, नजर लागू नये म्हणून. पाणी उकळायचंही लोकांनी सोडलं, कारण तेही त्याचंच खूळ. त्या आठवड्यात सोळा घरांतून सारंगाला एकच उत्तर आलं. बयोआत्याला कुणाचा तरी धक्का लागला आणि ती आतून ओरडली, "हाय!" सारंग तेवढ्यावरही फाटकाशी जरा वेळ थांबला.

आमच्या घरीही आईनं पाणी उकळणं बंद केलं. मी मास्तर माणूस, मुलांना आरोग्याचे धडे शिकवणारा. पण घरात वाद नको म्हणून गप्प बसलो.

एके पहाटे कमळला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. उजाडेपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. ती पाणी मागत होती. आई म्हणाली, "पटकीत पाणी द्यायचं नाही, पाण्यानंच ती वाढते." आई दुष्ट नव्हती. तिच्या सख्ख्या बहिणीला असंच पाण्यावाचून ठेवलं होतं, आणि जाणत्यांनी सांगितलं ते बरोबरच असणार यावर तिचा विश्वास होता. ती रडत होती आणि भांडं उचलून आत ठेवत होती.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "मास्तर?"

मी बाहेर गेलो. "हाय, चाचा."

"वयनी?"

आईनं आतून उत्तर दिलं नाही. "बरी आहे," मी म्हणालो.

"कमळ?"

आईनं दाराआडून मला हातानं खूण केली, सांगू नकोस. आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "सगळं खुशाल आहे, चाचा."

सारंगानं माझ्याकडे पाहिलं. फाटकाबाहेर मातीत त्यानं मांडी घातली.

"तिच्या तोंडून," तो म्हणाला. "मी बसलोय."

ऊन चढत गेलं. तो उठला नाही. थोड्या थोड्या वेळानं त्याची हाक येई, "कमळ!" आणि आतून काही नाही. आई म्हणत होती, त्याला घालव. मी दार आणि फाटक यांच्यामध्ये नुसता उभा होतो. मग आतून कमळनं काहीतरी म्हटलं, आणि तो आवाज तिचा आहे हे मला ओळखू आलं नाही. माझे पाय फाटकाकडे गेले.

"चाचा, ती जाते आहे हो."

तो उठला. "कवापासून?"

"पहाटेपासून."

"पानी दिलं?"

"नाही."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि अंगणात शिरला. आई दारात आडवी उभी राहिली. "पायरी चढायची नाही," ती म्हणाली. "तुमच्या हातचं पाणी माझी सून घ्यायची नाही."

सारंग पायरीशी थांबला. "वयनी, पानी तुमचं, चूल तुमची, हात तुमच्या लेकाचा," तो म्हणाला. "माझा निस्ता टोला."

तो घरी जाऊन घंटा घेऊन आला आणि अंगणात बसला. तिथूनच त्यानं मला सांगितलं. पाणी खळखळ उकळ. तांदळाची पातळ पेज कर. त्यात मीठ घाल, जिभेला अश्रूसारखं लागेल इतकंच. परसातलं लिंबू पीळ. बोटीवर पटकी आली तेव्हा गोऱ्या डॉक्टरानं खलाशांना हेच दिलेलं त्यानं पाहिलं होतं. एका टोल्याला एक पळी. उलटून पडलं तरी पुढच्या टोल्याला पुन्हा एक पळी. घाई करायची नाही, थांबायचंही नाही.

तो टोला देई, मी पळी देई. पहिल्या वीसेक पळ्या सगळ्या बाहेर आल्या. मी रडू लागलो की अंगणातून टोला पडे. दुपारी घंटा ऐकून जनू दोघा-चौघांना घेऊन आला.

"घंटा बंद म्हनून ठरलं व्हतं," तो म्हणाला. "आनखी मोजनी चालू केलीस व्हय?"

सारंगानं पुढचा टोला दिला. दारातून आई बोलली. माझा हात भरून आला म्हणून पळी तिनं घेतली होती.

"वाजू दे ती," आई म्हणाली. "मी मोजते आहे. नजर लागायची ती मला लागेल."

जनू निघून गेला. संध्याकाळी कमळला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी ठरू लागलं होतं. आईनं ते दारातून सांगितलं तेव्हा सारंगानं अंगणात अल्लाचं नाव घेतलं. असल्या गोष्टीसाठी देवाचे आभार मानलेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या सकाळी फाटकाशी दोन टोले पडले.

"मास्तर?"

"हाय, चाचा."

"वयनी?"

"आहे," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं चिडचिड न करता दिलेली ती पहिली हजेरी.

"कमळ?"

मी गप्प राहिलो. आईही गप्प राहिली. सारंग मान कलती करून थांबला. मग आतून सुकलेला, बारीक आवाज आला.

"हाय, चाचा."

सारंगानं मान खाली घातली. "लिव मास्तर," तो म्हणाला. "बोलली."

तो निघाला, पण मला घरात जाववेना. वही घेऊन मी त्याच्या मागोमाग गेलो. सोळा घरं झाली. कितीतरी दारं त्या दिवशीही बंदच राहिली. धोंडूच्या घरात भिंतीपलीकडून उत्तर द्यायला आता कुणी नव्हतं. शेवटी सारंगाच्या पडवीत जाऊन बसलो, मी पूर्वी पत्रं लिहायला बसायचो तिथेच.

"चाचा," मी म्हणालो, "काल मी खोटं बोललो."

"ठाव हाय."

"त्याच्या आधीही एकदा..."

सारंग आत गेला आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आला. वर दोन लहान मुलींचे झगे होते, घडी न मोडलेले. त्यांच्याखालून त्यानं मेणकापडाची पुरचुंडी काढली. आत माझी पत्रं होती. घड्यांवर फाटायला आलेली.

"तुझा हात मी तवाच वळखला, तू वहीत पयलं नाव लिवलंस तवा," तो म्हणाला. "वाचता येत न्हाय, पन बघता तर येतं. दर बंदरात काढून बघत व्हतो."

"मग मला बोलला का नाहीत? शिव्या का दिल्या नाहीत?"

"पोर व्हतास तू. गावानं सांगितलं, तू लिवलंस." त्यानं सगळ्यांत वरचं पत्र माझ्या पुढे धरलं. "ह्ये आलं तवा मी लंडनच्या गोदीत व्हतो. बोटीवरच्या बाबूनं वाचून दावलं. मी साठ खलाशांना खारका वाटल्या. पन त्ये त्या बाबूचं तोंड. आता तू वाच. ज्यानं लिवलं त्याच्या तोंडून."

ते दुसरं पत्र होतं, तिघींना नेल्यानंतर चार महिन्यांनी लिहिलेलं. मी वाचू लागलो.

"अमिना खुशाल आहे."

सारंगानं हात वर केला. मी थांबलो. आमच्या फाटकाशी नाव घेतल्यावर तो जशी मान कलती करी तशीच त्यानं केली आणि घराच्या आतल्या बाजूला कान दिला. मग हात खाली केला.

"सकिना खुशाल आहे."

पुन्हा हात वर. पुन्हा तो थांबला.

"जैबू खुशाल आहे."

या वेळी त्याचा हात कितीतरी वेळ खाली आला नाही. मग तो मला म्हणाला, "वही काढ. पयलं पान."

मी वही उघडली.

"तिघींची नावं लिव. पुढं लिव, बोलल्या न्हाईत."

मी लिहिलं. या वेळी माझं अक्षर वळणदार आलं नाही.